आईसाठी घेतलेला देशी रेडिओ

आमच्या घरी रेडिओ घेतला तो दादाचा आवाज ऐकण्यासाठी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेती सोडून नाटक-दंडारीच्या मागे फिरतो म्हणून बाबांनी त्याला दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी घराबाहेर काढलं होतं आणि माफी मागितल्याशिवाय दारात यायचं नाही, असं बजावलं होतं. दादाही त्यांचाच मुलगा. त्यानं माफी मागितली नाही आणि दारातही आला नाही. तो नागपूरला गेला, कुठल्याशा छापखान्यात कामाला लागला, आणि या दोघांच्या हट्टात आमची आई अडकून पडली. तिनं कित्येक वर्षांत त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. बाबांच्या परवानगीशिवाय ती जवळच्या मूल गावच्या बाजारालाही जात नसे, तर नागपूरची गोष्टच सोडा.

मी तेव्हा गावापासून कोसभर लांबच्या शाळेत मास्तरीण होते. सकाळी तलावाच्या पाळीवरून चालत जायचं आणि दुपार कलली की त्याच पाळीवरून चालत यायचं. घरात पाऊल टाकलं की निरोप पोचवायचं काम सुरू. दादा गेल्यापासून आई बाबांशी कामापुरतंच बोलायची, तेही माझ्याकडे तोंड करून. ‘त्याइले विचार, जेवाले वाढू का.’ बाबा तिथंच पाटावर बसलेले असायचे. मी विचारायची. ते म्हणायचे, ‘वाढ म्हणा.’ पाहुण्यारावळ्यांना याची मोठी गंमत वाटायची. मला तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही. दिवसभर पोरांपुढे घसा कोरडा करून आल्यावर आपल्याच आईबापांच्या मध्ये उभं राहायचं, याचा मला वीट आला होता.

एका उन्हाळ्यात दादाचं कार्ड माझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं. नागपूरच्या रेडिओवर संध्याकाळी खेड्यातल्या लोकांसाठी कार्यक्रम लागायचा. त्यात दर मंगळवारी आणि शनिवारी शेतीवर काही संवाद असत, आणि त्यात बोलायचं काम दादाला मिळालं होतं. घरी आले तेव्हा आई परसात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती. मी सांगितलं तसं तिनं सूप खाली ठेवलं.

‘म्हणजे इथी बसून त्याचं बोलणं आयकू येईन?’

‘रेडिओ असला तर येईल.’

‘मंग घे ना.’

आईनं स्वतःसाठी कधी लुगडंसुद्धा मागितलं नव्हतं. बाबा आणतील ते नेसायचं, पोरं टाकतील ते खायचं, असा तिचा जन्म गेला. तिनं इतक्या सहज ‘घे ना’ म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. माझा पगार साठवून घ्यायचं ठरलं. राहिले बाबा.

बाबा चळवळीत तुरुंग भोगून आलेले. स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालायचे, विलायती साखरेच्या गोळ्याही घरात येऊ देत नसत. स्वराज्य आल्यावर त्यांना कोणी फारसं विचारलं नाही, त्यामुळे त्यांचा सगळा कारभार घरावर चालायचा. बोलण्याआधी ते खोल खाकरायचे, आणि बोलणं संपलं की विचारायचे, ‘समजलं का नाई?’ समोर बैल असो, तहसीलदार असो, त्यात फरक नाही. सुरुवात बहुतेक ‘नाई’नंच व्हायची.

रेडिओचं काढलं तेव्हाही ते खाकरले. ‘नाई. विलायती वस्तू या घरात येणार नाई. समजलं का नाई?’

मला चांगलं समजलं. त्यांना रेडिओ नको नव्हता, त्यातून येणारा आवाज नको होता. पण तसं म्हणायचं तर दादाचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते त्यांनी टाकलेलं होतं. स्वदेशी ऐन वेळी कामाला आली. त्या काळी चांद्याच्या दुकानांत बहुतेक रेडिओ विलायतीच दिसायचे, हे त्यांनाही माहीत होतं.

मी पण त्यांचीच मुलगी. म्हटलं, मग देशी आणते.

मूलपर्यंत बैलगाडी आणि तिथून चांद्यापर्यंत छोटी रेल्वे. दुकानदार मोठा गोडबोल्या होता. त्यानं एकामागून एक विलायती सेट लावून दाखवले. कुठल्या कुठल्या देशांच्या भाषा त्यातून ऐकू आल्या. देशी दाखवा म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिळं मागितलं. ‘बाई, आपल्या लोकांना अजून हे जमत नाही. घ्याल आणि पस्तावाल.’ मी म्हटलं, पस्तावायचं ते मी पाहून घेईन, तुम्ही दाखवा. शेवटी मागच्या फळीवरून त्यानं एक सेट काढला, फडक्यानं पुसला. आपल्याच देशातल्या कारखान्यात जोडलेला, विजेशिवाय बॅटरीवर चालणारा. लाकडी पेटी, तिला गडद पॉलिश, पुढे जाळीदार कापड, दोन बटणं. पॉलिश एका कोपऱ्यात ओघळून तसंच वाळलं होतं. पण लावल्यावर नागपूर स्वच्छ लागलं, आणि मला नागपूरच हवं होतं.

बॅटरी वेगळी होती, दोन विटा जोडल्यासारखी जड, जाड पुठ्ठ्यात बंद, वरून मेण ओतलेली. ती बांधून देताना त्यानं बजावलं, ‘हिला ओल लागू देऊ नका. तुमच्या झाडीपट्टीतल्या पावसाळ्यात काडीपेटी पेटत नाही, तशी ही पण बसून जाईल.’ मी ते नीट ध्यानात ठेवलं आणि घरी आल्यावर आईला शब्दशः सांगितलं. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढलं, ते सोपस्कारही मीच केले.

गाडीतून येताना पेटी वाकळीत गुंडाळून मांडीवर धरली होती. मृग लागून गेला होता, रस्त्याचा चिखल झाला होता. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर यायचा. घरी पोचले तेव्हा पाय बधिर झाले होते, आणि बाबा ओसरीवर चष्मा लावून तयार बसले होते.

‘कुठचा हाय?’

मी मागची पट्टी दाखवली. त्यांनी ती एकेक अक्षर लावून वाचली. पट्टीवर आपल्याच देशाचं नाव होतं, त्यामुळे जरा अडचण झाली. मग खाकरले. ‘अन् आतलं?’

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. दुकानदारानं सांगितलं होतं तेच सांगितलं. पेटी इथली, जोडणी इथली, आतले व्हॉल्व्ह बाहेरचे.

‘मंग देशी कसा झाला? नाई. वापस ने.’

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. या खेपेला तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ त्यांच्याकडे पाहून विचारलं, ‘तुमच्या चष्म्याची काच कुठची हाय?’

बाबांनी चष्मा काढला, उलटसुलट करून पाहिला आणि परत डोळ्यांवर ठेवला. मग ते विहिरीकडे निघून गेले. तीच परवानगी समजायची होती.

शेजारचा ढीवर आम्हाला घरच्यासारखा. तलावात मासे धरणारा माणूस, दोऱ्या-गाठींचं काम त्याच्या हातचं. त्यानं अंगणात दोन उंच बांबू रोवले आणि त्यांच्यात तांब्याची तार ताणून बांधली. दुसरी तार जमिनीत गाडायची होती, आणि ती जागा सतत ओली राहायला हवी होती. ती न्हाणीजवळ गाडली. संध्याकाळी अर्धं गाव अंगणात येऊन बसलं, आता काहीतरी लागेल म्हणून. पण आईनं लावू दिलं नाही. पुढचा मंगळवार यायचा होता. गाण्यांत बॅटरी संपली आणि पोराच्या वेळेला काही उरलंच नाही तर? तिनं बॅटरीची पिन स्वतःच्या हातानं उपसली. लोक कुरकुरत घरी गेले. ‘जपून ठेवतो,’ आई म्हणाली. कुठे, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा होती.

मंगळवारी दिवे लागायच्या आधीच ओसरी भरली. बाबा ‘मी पाळीवर हावो’ असं सांगून निघून गेले. आईनं आतून बॅटरी आणली, पदरात धरून, तान्हं लेकरू आणावं तशी. मी हातात घेतली. ती कोमट होती. तिला धुराचा वास होता. पुठ्ठ्याच्या कडांवरून मेण ओघळून खाली थिजलं होतं.

आमच्या झाडीत पावसाळ्यात जे जे म्हणून वाचवायचं असतं ते चुलीवरच्या शिंक्यात जातं. बियाणं, मीठ, सुकवलेले झिंगे, काडीपेटी, जमिनीचे कागद. बाकी घराला बुरशी येते, भिंती घाम गाळतात, पण चुलीवर सगळं ठणठणीत राहतं. ओल लागू देऊ नको म्हटल्यावर आईनं तिला ठाऊक असलेल्या सगळ्यात कोरड्या जागी बॅटरी ठेवली. खाली दोन्ही वेळा चूल पेटत होती.

मी पिन लावली. डास कानाशी यावा तसा आवाज आला. मग कोणीतरी विहिरीच्या तळाशी बोलत असल्यासारखं वाटलं. कोण, बाई की पुरुष, काही कळेना. आईनं कान पेटीच्या कापडाला लावला. तेवढ्यात तेही थांबलं.

‘आता बोलन का?’ ती म्हणाली.

मी बटणं फिरवत राहिले. फिरवून काही होणार नव्हतं, हे मला कळत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, देशी मालाचं असंच असते, विलायती घ्याचा होता. लोक उठले. आई मात्र कान तसाच लावून बसून राहिली, आणि मला तिला उठवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बॅटरीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ‘म्हणजे मीच मारली म्हण ना,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘पण या घरात दुसरी कोरडी जागा कुठी हाय, तूच सांग.’ मला राग तर इतका आला होता की भांडी आपटावीशी वाटली. दुकानदाराचा आला, बाबांचा आला, सगळ्यांत जास्त दादाचा आला, कारण एक बस धरून आला असता तर हे तांब्याच्या तारांचं लचांड कशाला लागलं असतं? तिच्यावर मात्र रागावता येत नव्हतं, आणि त्यानंच मी जास्त थकले.

बाबांना ही गोष्ट पाळीवरच कळली. गाव त्यांना भाऊ म्हणायचं. कोणीतरी हसून म्हणालं, ‘भाऊ, तुमचा देशी रेडिओ मुका हाय म्हणते.’ ते बाबांना झोंबलं. तुरुंगात दगड फोडले ते काय हे ऐकायला? तडक घरी आले आणि खाकरले.

‘मालाचा दोष नाई. ठेवणाऱ्याचा हाय. दुसरी बॅटरी घेऊन ये. समजलं का नाई?’

मला हसावं की रडावं कळेना. ज्यांना रेडिओ घरात नको होता ते आता तो बोलता करायला निघाले होते, स्वदेशीची लाज राखायला. आणि तिची लाज राखायला चांद्याला जायचं होतं मी. गेले. नाल्याला पूर होता, गाडी अलीकडेच थांबली, पाणी उतरेपर्यंत छत्रीखाली उभी राहिले. छत्रीची एक काडी तुटलेली, नेमकं तिथूनच पाणी मानेत उतरायचं. दुकानात बॅटरी नव्हती. नागपूरहून मागवतो म्हणाला. रिकाम्या हातांनी परत आले आणि पुढच्या रजेला पुन्हा गेले. त्या पावसाळ्यात माझं लुगडं कधी पुरतं वाळलंच नाही. शाळेत पोरं पाढे म्हणायची आणि माझा डोळा लागायचा.

मी चांद्याच्या फेऱ्या मारत होते तेव्हा बाबा इकडे न्हाणीजवळच्या तारेला रोज लोटाभर पाणी घालायचे. धो धो पाऊस पडत असला तरी डोक्यावर पोतं घेऊन जायचे आणि घालायचे. नियम म्हणजे नियम. नवी बॅटरी आल्यावर त्यांनी ती आईच्या हाती दिली नाही. आपल्या कापसाच्या पेळूंच्या पेटीत ठेवली आणि पेटीवर स्वतः बसले.

तो शनिवार होता. लोक पुन्हा जमले, पहिल्यापेक्षा कमीच. बाबा या वेळी पाळीवर गेले नाहीत. ओसरीच्या टोकाला पाठ करून टकळी फिरवत बसले. देशी वस्तू चालते की नाही तेवढं पाहणार, बाकीशी त्यांचा संबंध नाही, असं एकूण बसणं होतं. आई पेटीच्या अगदी जवळ, पदराचं टोक तोंडात धरून.

आवाज लख्ख लागला. आधी बाजारभाव झाले, मग संवाद सुरू झाला. एक तरणा माणूस जपानी पद्धतीनं भात लावायचं सांगत होता. दोरी धरून सरळ ओळीत रोवणा करा, उत्पन्न वाढेल वगैरे. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हा दादा नव्हे. तेवढ्यात कोणीतरी खाकरलं. सगळ्यांनी वळून बाबांकडे पाहिलं. बाबा खाकरले नव्हते.

‘नाई,’ रेडिओतून आलं. ‘आमच्या बापजाद्यानं काय दोऱ्या धरून रोवणा केला होता? नाई केला. समजलं का नाई?’

‘आवं,’ ढीवर म्हणाला, ‘हे तं भाऊच बोलून राह्यले.’

ओसरी हसून लोटपोट झाली. दादाला काम मिळालं होतं ते हट्टी म्हाताऱ्याचं, प्रत्येक नव्या गोष्टीला नाही म्हणणाऱ्या. त्यासाठी त्याला लांब जावं लागलं नव्हतं. खाकरणं, शब्दावर दाब देणं, मध्येच थांबून समोरच्याला घाबरवणं, सगळं त्यानं बाबांकडून उचललं होतं. डोळे मिटले तर बाबाच पेटीत बसलेत असं वाटावं.

मी घाबरले. टकळी थांबली होती. आता ते उठतील आणि पेटी अंगणात भिरकावतील असं मला वाटलं. पण रेडिओतल्या म्हाताऱ्यानं त्या तरण्याला एक चपखल टोला दिला, आणि बाबा हसले. खांदे हलवून हसले. हळूहळू आमच्याकडे तोंड करून बसले. शेवटी म्हातारा ओळीत रोवणा करायला कबूल झाला, तेव्हा ते रेडिओलाच म्हणाले, ‘येवढ्या लवकर काऊन मानला? मी असतो तं मानलो नसतो.’

इतक्या वर्षांनी बाबा दादाशी बोलले ते हे. मला भरून आलं. आईला सांगावं म्हणून वळले, तर ती पेटीपासून दूर सरकून भिंतीला टेकली होती. तिच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता आलं नाही. कार्यक्रम संपायच्या आधीच ती ‘भात लागन’ म्हणत आत गेली.

त्यानंतर बाबांनी एक मंगळवार-शनिवार चुकवला नाही. ‘आज म्हातारा काय म्हणते पाहू,’ म्हणायचे. मुलाचं नाव नाही, म्हाताऱ्याचं. गावात लोक म्हणायला लागले, भाऊ निवळले, आता पोराला बोलावतील. मीही आशेवर होते. दिवाळी जवळ आली, भात कापणीला आलं, आणि बाबांनी काही बोलावलं नाही. त्यांना आता कशाची उणीव नव्हती. हवा तसा मुलगा, अगदी त्यांच्यासारखा बोलणारा, आठवड्यातून दोनदा ओसरीवर येत होता आणि वेळ झाली की मुकाट्यानं जात होता.

आई त्या वेळी चुलीपाशी असायची. एका मंगळवारी मी शाळेतून आले, पाय पसरून तिच्याजवळ बसले. बाहेर रेडिओ लागला होता आणि बाबा हसत होते. आईनं मला चहा दिला आणि विचारलं, ‘त्याचा सोताचा आवाज कोणत्या वारी लागते वं?’

आम्ही सगळे हसत होतो तेव्हा हिनं काय ऐकलं, हे मला तेव्हा कळलं. ज्या आवाजानं तिच्या पोराला घराबाहेर काढलं होतं, तोच आवाज ऐकायला मी इतका पावसाळा धावले होते.

‘तो नाही लागत, आई,’ मी म्हटलं.

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग हात पदराला पुसले आणि म्हणाली, ‘मंग मले नागपूरले ने.’

‘बाबांना काय सांगू?’

‘तू नको सांगू. मी सांगतो.’

ती ओसरीवर गेली. मी मागोमाग गेले. बाबांनी तिला येताना पाहून रेडिओचा आवाज जरा कमी केला.

‘मी माया पोराले आयकाले चालली,’ आई म्हणाली. ‘तुम्ही सोताले इथी आयकत बसा.’

बाबा खाकरले. आम्ही थांबलो. पण ते पुढं काही बोलले नाहीत, बोलत राहिला तो रेडिओ. दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि मूलला जायला पुन्हा एकदा गाडी जुंपली.